दादाची झोप आणि भाताची राखण

रानडुकराला मी भितो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मी नाही सांगितलं तर आमच्या घरातलं कुणीतरी मध्येच तोंड घालून सांगेल आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगेल. पन्नाशी जवळ आली, तरी परसात काही खुसपुसलं की मी आधी बायकोला उठवतो. "डुक्कर न्हाई, मांजर हाय. निजा," असं ती कूससुद्धा न बदलता म्हणते. पोरं फिदीफिदी हसतात. हसू देत. पण या माझ्या भित्रेपणापायी एकदा माझ्या सख्ख्या भावाचा जीव जायची वेळ आली होती, आणि ते सांगायला लागलो की घरात कुणी हसत नाही.

मुळशीच्या धरणाच्या काठी आमचं घर. एकोणीसशे साठच्या आगेमागेची गोष्ट. घरात आम्ही चौघं: आई, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा दादा, वहिनी आणि मी. वडील गेलेले. दादाला मूलबाळ नव्हतं, माझं लग्न व्हायचं होतं. मी कोसभर अंतरावरच्या एका शाळेत एकटाच मास्तर होतो. म्हणजे घरात लिहितावाचता येणारा मीच, म्हणजे घरातला शहाणाही मीच.

आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. दादा जन्मायच्या आधीच ते बुडालं आणि आमची माणसं वर टेकाडाला येऊन राहिली. ते गाव दादानं कधी पाहिलेलं नव्हतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की चार-दोन भिंतींचे माथे उघडे पडायचे, तेवढीच काय ती त्याची ओळख. आणि नेमकं त्याच गावानं त्याला धरलं.

एका आषाढात भाताची लावणी चालली होती. गुडघाभर चिखलात दादा रोपं लावत होता. मध्येच त्याचा हात थांबला.

"ऐकू येतंय का?" त्यानं मला विचारलं.

"काय?"

"खालची मान्सं. हाका मारत्यात."

मी हसलो. मला वाटलं, दादा थट्टा करतोय. तो हसला नाही. मूठभर रोपं हातात धरून पाण्याकडं बघत उभा राहिला. वहिनीनं त्याच्या हातातली रोपं काढून घेतली आणि स्वतः लावायला लागली. त्या दिवसापासून त्याच्या हातातलं एकेक काम असंच निसटत गेलं.

झोप तर आधीच गेली होती. तो रात्रभर ओसरीत येरझारा घालायचा, पुटपुटायचा, मध्येच खेकसायचा. आईनं भगताला बोलावलं. लिंबं झाली, कोंबडं झालं, अंगारे झाले. एकदा तर दादाला ओसरीच्या मेढीला, म्हणजे खांबाला, चऱ्हाटानं बांधलं. बांधायला मीही हात लावला होता, हे लपवून उपयोग नाही. गाठ मात्र मला नीट मारता आली नाही, ती भगतानं मारली.

आणि मग आम्हाला एक अक्कल सुचली. आमच्याकडं आश्विन लागला, भात पोटरीतून बाहेर पडला की डोंगरातनं रानडुकरं उतरतात. एका रात्रीत अख्खं खाचर लोळवून टाकतात. खाचरात चार मेढींवर माळा बांधायचा आणि त्यावर रात्रभर बसून डबा बडवायचा, आरोळ्या मारायच्या, ही राखण. दिवसभर राबलेल्या माणसाला ती नकोशी होते. त्यात आमचा दादा रात्रभर जागाच. आई म्हणाली, "न्हाईतरी जागाच असतोय की. बसंल तितं."

बसला. आणि काय राखण केली म्हणून सांगू! दोन वर्षं आमच्या खाचरात एक डुक्कर शिरलं नाही. तो त्या पाण्याखालच्या माणसांशी मोठमोठ्यानं भांडायचा, आणि डुकरांना वाटायचं आपल्यालाच शिव्या देतोय. भावकीतले लोक यायला लागले. "आमच्या बी बांधावर एक फेरी मार रं." त्याला जागं राहायला बळ यावं म्हणून कुणी गूळ-चहाची किटली द्यायचं, कुणी चिलीम भरून द्यायचं. दुखणं वाढत होतं आणि भात वाचत होता. आम्हाला दिसायचा तो भात.

दुसऱ्या वर्षीच्या फाल्गुनात पाणी उतरलं, जुन्या भिंती वर आल्या, आणि दादा त्या भिंतींकडं चालत गेला. छातीएवढ्या पाण्यात होता तेव्हा मासे धरणाऱ्या दोघांनी त्याला ओढून काढला. घरी आणला तेव्हा वहिनी रडली नाही. त्याचं अंग पुसलं, कोरडं धोतर दिलं आणि मला म्हणाली, "भावजी, लई झाले भगत. उद्या पुन्याला जायाचं." तिचं माहेर कासार आंबोलीचं. तिकडचं कुणीतरी पुण्याच्या एका डोक्याच्या डॉक्टरकडं जाऊन बरं झालेलं तिनं ऐकलं होतं.

पहाटे निघून पौडपर्यंत पायी, तिथून एस.टी. डॉक्टर किरकोळ अंगाचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी दादाशी पुष्कळ वेळ बोलून घेतलं. दादाला वेडा म्हणून नव्हे, पाहुणा आल्यासारखं विचारत होते. खालची माणसं काय म्हणतात, किती जणं असतात, रागावतात का. मग माझ्याकडं वळले.

"हा रात्री काय करतो?"

"राखण करतो, भाताची."

"आठवड्यातून किती रात्री?"

"हंगामात रोजच."

त्यांनी टाक खाली ठेवला. "आणि जागं राहायला?"

"चहा असतो. चिलीम असते."

"चिलमीत काय?"

"तंबाखू."

"नुसती?"

मी छताकडं पाहिलं. छत चांगलं होतं, सागवानी. वहिनीनं पदराआडून सांगून टाकलं, "गांजा बी आस्तो."

डॉक्टरांनी चष्मा नाकावर वर सरकवला. मग म्हणाले, "मास्तर, माझ्याकडं नवीन गोळी आली आहे. चांगली आहे. पण ती याला झोपवणार आणि तुम्ही याला उठवणार. असं असेल तर ती घेऊन जाऊ नका. मला दुसऱ्या कुणाला देता येईल."

वहिनीनं विचारलं, "काय काय करायाचं, ते सांगा. समदं करते."

त्यांनी एका कागदावर लिहून दिलं. सकाळी आणि संध्याकाळी, खाल्ल्यावर गोळी. दिवेलागणीनंतर तासाभरात झोप. पहाटे उठणं. रोज अंगमेहनतीचं काम, पण एकट्यानं नाही. चहा दिवसात दोनदा. चिलीम बंद. डोकं झाकल्याशिवाय उन्हात जायचं नाही, कारण या गोळीनं कातडी भाजते. बांधायचं कधीच नाही. आणि निघताना तोंडी सांगितलं, "पुन्हा पाण्यात गेला तर मला याला मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागेल. तिथून परत कधी येईल, ते मी सांगू शकणार नाही."

ते वाक्य वहिनी परतीच्या वाटेत पौडपासून घरापर्यंत घोकत आली असावी. कारण घरी पाय टाकल्या टाकल्या तिनं तो कागद मला ओसरीच्या मेढीला खिळ्यानं ठोकायला लावला. त्याच मेढीला, जिला दादाला बांधलं होतं.

पहिले दोन महिने वाईट गेले. दादा जेवता जेवता पेंगायचा. तोंड कोरडं पडायचं, हात थरथरायचे, चालणं लाकडासारखं झालं. आई कपाळाला हात लावून म्हणायची, "पोरगं येडं हुतं ते बरं हुतं. ह्ये तर भोपळा झालं." पण वहिनी हलली नाही. पहाटे त्याला उठवायची. तो उठला नाही तर त्याच्या उशाशी बसून जात्यावर दळायची. घरघर ऐकून मेलेला माणूससुद्धा उठला असता. मग गोठा. शेण काढायचं, म्हशीला चारायला डोंगरउताराला न्यायचं, तीही बरोबर. डोईवर टोपी, टोपीवर ओला पंचा, त्यावर इरलं. पाऊस नसताना इरलं पांघरून जाणारा दादा बघून गाव हसायचं. "मास्तर, तुमच्या दादाला आभाळ पडंल असं वाटतंय व्हय?" दुपार झाली, सूर्य डोक्यावर आला की म्हस धरणावर पाण्याला न्यायची. ती पाण्यात बसायची, आणि तिला शेपटी पिळून बाहेर काढायचं काम दादाचं. पहिल्यांदा त्याला पाण्याजवळ नेलं तेव्हा मी घाबरून म्हणालो, "वयनी, पान्यापाशी कशाला?" ती म्हणाली, "पानी काय हितनं जाणार हाय? शिकू द्या, पान्याला जायाचं ते म्हशीसाठी."

बाहेर काढून म्हस खुंट्याला बांधायची, मग भाकरी. भाकरीनंतर झोपायचं नाही, दोऱ्या वळायच्या. संध्याकाळी भाकरी, गोळी, आणि घोंगडीवर आडवं. गोळी वहिनी तळहातावर ठेवायची, तो तिच्यासमोर गिळायचा. गुळात लपवून नाही, आमटीत कालवून नाही.

श्रावणापर्यंत त्याचं पेंगणं कमी झालं. एकदा म्हशीनं शेपटीचा फटका मारून माझी टोपी शेणात पाडली, तेव्हा तो हसला. दोन वर्षांनी. आई चुलीपुढून उठून बाहेर आली आणि पदरानं डोळे टिपत परत गेली. मी विचारलं, "दादा, खालची मान्सं बोलत्यात का अजून?"

तो विचार करून म्हणाला, "बोलत्यात. पर आता लांबनं."

आश्विन लागला. आंबेमोहराचा वास घरापर्यंत यायला लागला आणि प्रश्न उभा राहिला, राखण कुणी करायची? दादा संध्याकाळी आडवा होत होता. उरलो मी.

मी गेलो. कुऱ्हाड घेतली, कंदील घेतला, डबा घेतला, घोंगडी घेतली आणि मनातल्या मनात सगळे देव घेतले. पहिल्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी काहीतरी आलं आणि मी डबा वाजवण्याऐवजी घोंगडीत शिरलो. तिसऱ्या दिवशी, दिवसभर शाळा करून, मी झोपलो. सकाळी जाग आली तेव्हा माझ्या माळ्याच्या पायाशी, अगदी मेढींना अंग घासून, डुकरांनी कोपऱ्यातलं खाचर नांगरून टाकलं होतं.

आई बांधावर उभी राहून बघत होती. "बरं झालं," ती म्हणाली. "माळा तेवढा ठिवला. तू झोपला हुतास म्हनून दया आली आसंल."

दसरा झाला आणि वहिनीच्या माहेराहून निरोप आला, तिची आई अंथरुणाला खिळली होती. जावं लागणारच होतं. निघताना तिनं गोळ्यांची डबी माझ्या हातात दिली.

"भावजी, दोनी येळंला. तुमच्या हातानं. तुमास्नी वाचाया येतंय, मी काय सांगू?" आणि मेढीवरच्या कागदाकडं बोट केलं.

ती गेली त्याच संध्याकाळी आई माझ्याजवळ येऊन बसली. शेंगा फोडत, इकडंतिकडंचं बोलत, हळूच म्हणाली, "सांजची गोळी चार दीस न्हाई दिली तर?"

"आई!"

"आरं, सकाळची देतूयास की. सांजची न्हाई दिली की त्यो जागा ऱ्हातोय. म्हैन्याभरात कापनी. मग दे की दोन दोन. मी म्हंते म्हनून न्हाई, तूच बघ हिसाब करून."

मी हिशेब केला. मास्तर ना! अर्धं औषध पोटात जातच आहे. बाकीचं सगळं कागदावरचं चालू आहे, काम, इरलं, म्हस. तो सहा महिन्यांत एवढा सुधारला आहे. आणि महिनाभरच. असा सगळा हिशेब मी मांडला. पण खरं कारण हिशेबात नव्हतं. खरं कारण हे, की मला पुन्हा त्या माळ्यावर जायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी दादानं भाकरी खाल्ली आणि हात पुढं केला, गोळीसाठी. सवयीनं. मी म्हणालो, "दादा, आजपास्नं सांजची बंद. डागदारांनी सांगितलंय."

त्यानं हात मागं घेतला. माझ्यावर विश्वास ठेवून.

पहिले चार-पाच दिवस आम्हाला आमच्या शहाणपणाचं कौतुक वाटलं. दादा माळ्यावर जायला लागला, डबा वाजायला लागला, खाचर शाबूत. दिवसासुद्धा तो एकदम तरतरीत. हाताची थरथर कमी, चालणं मोकळं, बोलणं भरभर. आई म्हणाली, "बघ, गोळीनंच मेला हुता त्यो." मलाही पटलं. मी तर मनातल्या मनात डॉक्टरांना चार गोष्टी सुनवायचं ठरवत होतो.

सहाव्या दिवशी त्यानं भाकरी अर्धी ठेवली. सातव्या दिवशी तिसऱ्यांदा चहा मागितला आणि आईनं दिला. शाळेतून आल्यावर पाहिलं तर दोऱ्या वळायचं सोडून तो धरणाकडं तोंड करून उभा. इरलं नाही, टोपी नाही. मानेची कातडी लाल झालेली.

"दादा, आत ये. ऊन हाय."

"जवळ आल्यात," तो म्हणाला.

कोण ते मला लगेच कळलं. पण मी काय केलं? काही नाही. संध्याकाळी डबी हातात घेतली, झाकण उघडलं, गोळी काढली. आणि मग वाटलं, आज दिली तर हा विचारेल, "डागदारांनी बंद सांगितली हुती ना?" मग खोटं उघडं पडेल. आई बघत होती. बाहेर अंधारायला लागलं होतं, आणि माळा रिकामा राहणार होता. मी गोळी परत डबीत टाकली. झाकण लावलं. त्या झाकणाचा टिचकन झालेला आवाज अजून माझ्या कानात आहे.

दहाव्या दिवशी रविवार होता. मी घरी होतो. दादा सकाळी माळ्यावरून आला नाही. आई म्हणाली, "लागला आसंल डोळा." मी हो म्हणालो. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की त्याचा डोळा लागलेला नाही. दुपार व्हायला आली, तेव्हा टेकाडाच्या वाटेनं वहिनी येताना दिसली. तिची आई उठून बसली होती, म्हणून ती निघाली होती, पहाटेची, न थांबता. ओसरीत गाठोडं टेकवलं. इकडंतिकडं बघितलं. म्हस खुंट्यालाच.

"म्हस अजून हितंच? ह्ये कुटं हायेत?"

आई चुलीकडं वळली. मी मेढीवरच्या कागदाकडं बघत राहिलो.

"भावजी, डबी द्या."

मी दिली. तिनं उघडली. आत जितक्या असायला नको होत्या तितक्या गोळ्या होत्या. ती मला शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होतो. तिनं डबी कमरेला खोवली आणि खाचराकडं पळत सुटली. मी मागं.

माळा रिकामा. डबा पालथा पडलेला. आणि माळ्यावरून खाली पाहिलं तर धरण काठोकाठ भरलेलं, ऊन चमकतंय, आणि त्या चमकणाऱ्या पाण्यात कमरेपर्यंत बुडालेला दादा. पाठमोरा. हळूहळू पुढं सरकतोय, जसं कुणी ओळखीच्या घराचा उंबरा शोधत जावं.

मी ओरडायला तोंड उघडलं. वहिनीनं माझ्या तोंडावर हात दाबला. "हाक नगं. हाका मारनाऱ्यांकडंच चाल्ल्यात ते. आपली एक आणिक कशाला? तुमी म्हस आना."

"म्हस?"

"म्हस आना म्हंते ना! पळा!"

आयुष्यात मी इतका पळालो नाही. खुंट्यावरून म्हस सोडली. आणि त्या म्हशीनं, जी रोज या वेळेला पाण्यासाठी हंबरून घर डोक्यावर घ्यायची, माझ्याकडं पाहून पाय रोवले. मी ओढतोय, ती मागं. मी पाठीवर काठी मारली, ती मला शिंगानं बाजूला करते. मी अक्षरशः तिच्या पाया पडलो. "चल गं बाये, चल," असं म्हणताना मी रडत होतो, हे आमच्या पोरांना मी सांगत नाही, तुम्हाला सांगतो. शेवटी आई आली. तिनं दावं माझ्या हातातून घेतलं आणि जीभ टाळ्याला लावून चक चक केलं. म्हस निघाली. पाण्याचा वास लागल्यावर मग पळायलाच लागली.

काठावर वहिनी गुडघाभर पाण्यात उभी होती. दादाच्या आता छातीवर पाणी आलं होतं. दहा-बारा पावलं असतील मध्ये. म्हस धबाधबा पाण्यात शिरली, थेट दादाच्या दिशेनं, आणि त्याच्या अलीकडं बसकण मारून फुरफुरली. पाण्याच्या लाटा त्याच्या पाठीवर आपटल्या.

वहिनी अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "अवं, दुपार झाली. म्हस काडा की भाईर. भाकरी निवतीया."

दादा हलला नाही. मला पोहता येत नव्हतं. वहिनीलाही नाही. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की नखं रुतली होती.

"अवं," वहिनी पुन्हा म्हणाली. आता तिचा आवाज जरा फाटला. "म्या काडू का म्हस? मला मारती ती. ठाव हाय की तुमास्नी."

म्हस मान हलवून पुढं सरकायला लागली, खोल पाण्याकडं. दादानं मान वळवली. आमच्याकडं नाही, म्हशीकडं. तो तिच्याकडं बघत राहिला, मग समोरच्या पाण्याकडं, मग परत म्हशीकडं. त्याचे ओठ हलत होते. कुणाला तरी काही सांगत असावा. मग तो वळला, हात पाण्याखाली घातला, शेपटी सापडेपर्यंत चाचपला, आणि पिळली.

"हाऽऽ चल," तो म्हणाला.

म्हस उठली. तिच्या मागं शेपटी धरून दादा काठाला आला. वहिनीनं तेव्हाही त्याला मिठी मारली नाही की हात धरला नाही. म्हशीच्या दुसऱ्या अंगानं चालत राहिली. म्हस खुंट्याला बांधून झाली, भाकरी खाऊन झाली, तळहातावरची गोळी गिळून झाली. मग ती गोठ्यात गेली, आणि तिथून जो आवाज आला तो मला वर्णन करता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी पुण्याला गेलो. जाताना वहिनी म्हणाली, "सांगायाचं ते तुमी सांगायाचं. म्या न्हाई." मी सांगितलं. आईचं नाव घेतलं नाही. डॉक्टरांना म्हणालो, "मोठ्या दवाखान्यात ठेवायचं तर मला ठेवा." ते हसले नाहीत. त्यांनी दादाला विचारलं, "पाण्यातून परत का आलात?"

दादा म्हणाला, "म्हस लांब गेली आस्ती."

डॉक्टरांनी ते वाक्य कागदावर लिहून घेतलं. मग मोठ्या दवाखान्यात न पाठवता दादाला आणखी तीन आठवड्यांची मुदत दिली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "आता उरलेली राखण कोण करणार, ते ठरवूनच इथून बाहेर पडा."

मी ठरवायच्या आत वहिनीनं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती भावकीच्या दारोदार गेली, मला मागं घेऊन. बायकांनी असं पुरुषांपुढं उभं राहून बोलायची रीत नव्हती. तिनं प्रत्येक दारात एकच सांगितलं, "दोन वरसं यांनी तुमच्या बांधावर फेरी मारली. तुमी चिलीम दिली. आता आमच्या बांधावर तुमी पाळीनं या. चिलीम न्हाई मिळायची, भाकरी मिळंल." दोन घरांनी तोंड फिरवलं. एक म्हातारा म्हणाला, "येड्याच्या घरची राखण आमी करायाची?" पण तीन घरं आली. दर चौथ्या रात्री पाळी माझी. आणखी एक खाचर त्या वर्षी डुकरांनी खाल्लं, तेही माझ्याच पाळीत, हे ओघानं आलंच.

दादा मोठ्या दवाखान्यात गेला नाही. बराही झाला नाही, म्हणजे आपण ताप उतरला म्हणतो तसा. हात थरथरत राहिले. अंग सुटलं. भाद्रपदात कधी कधी खालची माणसं जवळ यायची, मग पुण्याची फेरी व्हायची आणि गोळी वाढायची. पण म्हस, जातं, इरलं आणि दिवेलागणीची झोप ही त्याची त्यानंच धरून ठेवली. मेढीवरचा कागद धुरानं काळा झाला, वाचता येईना. कुणाला वाचायची गरजही नव्हती.

मात्र माझ्या हातची गोळी त्यानं घेतली नाही. बोलायचा, हसायचा, माझ्या लग्नात वरातीपुढं इरलं घालून चालला. पण वहिनी घरात नसली आणि मी डबी घेऊन गेलो, की मान हलवायचा. "ती आल्यावर." मग ती येईपर्यंत भाकरीच्या ताटापुढं तसाच बसून राहायचा. मी डबी जागेवर ठेवून द्यायचो.

पुढच्या वर्षीच्या आश्विनात एकदा वहिनी पौडला अडकली, एस.टी. नव्हती. दिवे लागले. माझी राखणीची पाळी होती, मी कंदील पुसत ओसरीत बसलो होतो. दादानं जेवण उरकलं. वाटेकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ. आणि हात पुढं केला.

मी डबी उघडली. गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती लगेच तोंडात टाकली नाही. बोटानं उलटसुलट करून बघितली, वहिनीच्या गोळीसारखीच आहे ना, म्हणून. मग गिळली, वर पाणी प्याला.

"जा आता," तो घोंगडी ओढून घेत म्हणाला. "डबा जोरात वाजीव. आन् भ्यालास तर हाक मार. म्या उठनार न्हाई, पर डुकरास्नी वाटंल कुनीतरी हाय."